दोन इंच

सकाळी सातच्या सुमारास आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये एक गृहस्थ शिंप्यासारखी गळ्यात टेप घालून, गुडघे टेकून गाडीच्या चाकासमोर बसलेले दिसले तर दचकू नका. ते इंचराव. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत टेप लावायची, आकडा वहीत टिपायचा आणि पुढच्या चाकाकडे सरकायचं. नवी स्प्रिंग सुरुवातीला थोडी बसते, हे त्यांना पाठ आहे. तरीही "पुढची डावी तीन मिलिमीटर बसली हो," हे ते ज्या आवाजात सांगतात, त्या आवाजात लोक घरातलं आजारपण सांगतात.

इंचराव हे पाळण्यातलं नाव नव्हे, हे सांगायला नको. हे पद आहे, आणि पुण्यात मोठ्या सोसायट्यांतून ते सहसा रिकामं नसतं. वय पंचेचाळिशीचं, नोकरी दिवसभर खुर्चीत बसून करायची, पायात चिखल माहीत नसलेले ट्रेकिंगचे बूट, आणि दाराशी हप्त्यावरची छोटी फोर-बाय-फोर.

या वेडाचं मूळ खडकीत आहे. मारुतीने १९८५ साली जिप्सी आणली आणि पुढे लष्कराने ती उचलली. खडकी-दिघीच्या रस्त्यांवरून त्या हिरव्या जिप्सी जाताना पाहतच इंचराव मोठे झाले. पुढे जिप्सी बंद पडली तेव्हा ते दोन दिवस नीट जेवले नाहीत, असं वहिनी सांगतात. मग जून २०२३ मध्ये मारुतीचीच पाच दारांची जिम्नी आली आणि ती इंचरावांनी घेतली. पहिली जिम्नी १९७० साली जपानमध्ये ३५९ सीसीच्या इंजिनावर डोंगर चढायची, हे इंचराव लग्नाच्या पंगतीत जिलबी वाढणाऱ्यालासुद्धा थांबवून सांगतात.

या गाडीला कंपनीने जमिनीपासून २१० मिलिमीटरची उंची दिली आहे. म्हणजे सव्वाआठ इंच. महानगरपालिकेच्या खड्ड्यांना ही पुरे आहे, हे माझं मत. इंचरावांचंही तेच होतं. पण एका रविवारी सिंहगड रस्त्यावर सिग्नलला त्यांच्या शेजारी दुसरी जिम्नी येऊन उभी राहिली, आणि तिच्या मालकाने यांच्याकडे जरा वरून पाहिलं. झालं.

गाडी दोन इंच वर उचलायचं लिफ्ट किट आलं. चार स्प्रिंगा, चार शॉकअप, आणि ज्यांचं काय करायचं ते पुढे कळेल अशा बोल्टांच्या दोन पिशव्या. ते बसवायला त्यांनी जुन्या जिप्सींचे पाटे बसवत आयुष्य काढलेला एक मिस्त्री गाठला. मला बरोबर नेलं ते पाने द्यायला.

गाडी जॅकवर घेऊन चासी स्टँडवर टेकवली. चाकं काढली, शॉकअपचे खालचे बोल्ट सोडले, तसा अ‍ॅक्सल हळूच खाली लोंबला. जुनी स्प्रिंग हाताने उचलून बाहेर आली. नवी मात्र लांब. ती जागेवर जाईना. मिस्त्रींनी पोऱ्याला अ‍ॅक्सलवर उभं केलं, आणि तोवर इंचराव मोबाइलवर कुणा ऑस्ट्रेलियन माणसाने हेच काम कसं केलं ते मोठ्याने ऐकवत राहिले. "बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी राहिल्याशिवाय आवळायचे नाहीत," ते म्हणाले. "नाहीतर रबर पिळून फाटतं!" मिस्त्रींनी विडी विझवली. "साहेब, त्याला कळलंय हे बरं झालं," एवढंच म्हणाले.

काम संपल्यावर मिस्त्री बोलले ते माझ्या लक्षात राहिलं. "स्प्रिंगेने बॉडी वर जाते साहेब. अ‍ॅक्सलच्या मधला गोळा होता तिथंच राहतो. दगड लागतो तो गोळ्याला."

इंचरावांचा चेहरा पाहवेना. "मग गोळा वर कसा न्यायचा?"

"टायर मोठा घाला."

टायर घातले. मूळचे १९५/८० होते, नवे २१५/७५. टायरची उंची साडेदहा मिलिमीटरने वाढली. पण गोळा असतो चाकाच्या मध्यावर, त्यामुळे त्याच्या वाट्याला निम्मीच आली. म्हणजे जेमतेम पाच मिलिमीटर. आमच्याकडे थालीपीठ एवढं जाड असतं.

मग एकेक दुखणं निघायला लागलं. अ‍ॅक्सलला चासीशी आडवं बांधणाऱ्या पॅनहार्ड रॉडच्या लांबीत फरक पडत नाही, त्यामुळे बॉडी वर गेली की अ‍ॅक्सल एका बाजूला सरकतो. मागून पाहिलं तर गाडी कडेवर मूल घेतलेल्या बाईसारखी उभी दिसायची. लांबी कमीजास्त करता येणारा रॉड आणला. पुढच्या चाकांचा कॅस्टर नावाचा कोन बदलला, स्टीअरिंग वळवल्यावर आपण होऊन सरळ येईना. त्यासाठी वेगळे बुश आले. ब्रेकचे होस ताणले गेले, त्यांना लांब होस आले. दिवे वर गेले, ते खाली करायचे मात्र कुणाला सुचलं नाही. रात्री समोरून येणारे लाइट मारायचे ते कौतुकाने, असं इंचराव महिनाभर समजत होते. शेवटी खंबाटकीत एका ट्रकवाल्याने गाडी थांबवून खुलासा केला. त्याचे शब्द इथे छापता येत नाहीत.

सोसायटीचे सेक्रेटरी निवृत्त न्यायालयीन कारकून. त्यांनी मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ काढलं: कारखान्याच्या मूळ तपशिलापासून गाडी वेगळी करता येत नाही. वर २०१९ च्या दुरुस्तीने सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दर बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. ऐकणारा हादरला असता. इंचरावांनी कागद-पेन्सिल घेतली. "चार स्प्रिंगा म्हणजे एक बदल धरायचा की चार?"

आता खरी अडचण सांगतो. या स्प्रिंगा अवजड सामानासाठी केलेल्या. ऑस्ट्रेलियातली माणसं पुढे लोखंडी बंपर, विंच, मागे पाणी, इंधन, तंबू असं बिऱ्हाड लादून वाळवंटात जातात. इंचराव लादतात लॅपटॉप आणि डबा. रिकामी गाडी खडखडाटाने दात हलवते. म्हणून वजन लागतं, आणि माझं वजन ब्याण्णव किलो आहे. ताम्हिणीचं आमंत्रण मला स्नेहापोटी आलं, असं मी मुळशी येईपर्यंत समजत होतो.

ताम्हिणी घाट बघायला जातात तो पावसासाठी. आम्ही गेलो चिखलासाठी. रस्ता मेला संपूर्ण डांबरी! शेवटी भज्यांच्या टपरीमागे एक डबकं सापडलं. इंचरावांनी छोटा लिव्हर ओढून फोर-लो टाकला, श्वास रोखला आणि डबकं पार केलं. मग व्हिडिओसाठी परत. मग दुसऱ्या बाजूने. चौथ्या वेळी टपरीवाला आला. "साहेब, झालं का तुमचं? म्हशी खोळंबल्यात."

एवढं सगळं त्या गाडीने सोसलं. तिला वठणीवर आणलं ते इंचरावांच्या आईंनी.

आई पंच्याहत्तरीच्या, नऊवारीतल्या, गोंदवल्याच्या महाराजांच्या निस्सीम भक्त. लिफ्ट झाल्यावर पहिल्यांदा गाडीपाशी आल्या, दार उघडून आत पाहिलं आणि म्हणाल्या, "अरे, गाडीत बसायचंय की माळ्यावर चढायचंय?" त्या दिवशी देवघरातला चौरंग खाली आला. आई चौरंगावरून आत बसल्या, गाडी गेली, चौरंग पार्किंगमध्ये राहिला. वॉचमनने तो वर पोचवला. तीन गुरुवार असं झाल्यावर वॉचमन म्हणाला, हे आपल्या कामात बसत नाही.

इंचरावांनी दोन्ही बाजूंना लोखंडी फूटबोर्ड बसवून घेतले. आईंच्या पायाच्या मापाने, म्हणजे दाराच्या उंबऱ्यापासून चांगले सहा इंच खाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी टेप घेऊन ते बराच वेळ फूटबोर्डापाशी बसले होते. वहीत काही लिहिलं नाही. आता गेटजवळचा गतिरोधक ओलांडताना गाडी घासते. किट बसवण्याआधी कधी घासली नव्हती. आई मात्र टुणकन चढतात. येत्या गुरुवारी त्या गोंदवल्याला निघाल्या आहेत, आणि मागच्या सीटवर वजनासाठी मी आहे.