घरबसल्या रक्त द्या, वर पैसेही द्या

ही मार्गदर्शिका नवशिक्यांसाठी आहे. म्हणजे आजवर लॅबच्या बाकावर टोकन धरून बसलेल्या, आणि आता स्वतःच्या सोफ्यावर, स्वतःच्या खर्चाने रक्त द्यायचं ठरवलेल्या मंडळींसाठी.

सुरुवात बुकिंगपासून. डॉक्टरांनी चिठ्ठीवर तीन तपासण्या लिहिल्या आहेत. अ‍ॅपमध्ये त्या शोधायच्या आधीच ‘फुल बॉडी चेकअप, ८५ टेस्ट’ समोर येईल, मूळ किंमत खोडलेली. नवशिके इथेच घसरतात, कारण तिघींपेक्षा पंच्याऐंशी स्वस्त दिसतात. या ८५ भरतात कशा? सीबीसी म्हणजे एक नळी आणि एक यंत्र. पण हिमोग्लोबिन एक, पांढऱ्या पेशी दोन, मग त्यांचे पाच प्रकार टक्केवारीत आणि तेच पाच पुन्हा आकड्यांत, असं करत वीसेक तिथेच निघतात. लिपिडमध्ये एकूण कोलेस्टेरॉल, एचडीएल आणि ट्रायग्लिसराइड मोजतात. एलडीएल बऱ्याच लॅब १९७२च्या फ्रीडवाल्ड सूत्राने वजाबाकी करून काढतात. व्हीएलडीएल म्हणजे बहुतेकदा ट्रायग्लिसराइड भागिले पाच. पुढे याचं त्याच्याशी गुणोत्तर आणि त्याचं याच्याशी. पाचवीतल्या पोराने गृहपाठाच्या वहीत केलं असतं ते गणित इथे टेस्ट म्हणून मोजलं जातं.

शिवाय आणखी एक हिशेब जाहिरातीत नसतो. रिपोर्टातली ‘नॉर्मल’ मर्यादा साधारणपणे निरोगी माणसांपैकी ९५ टक्के आत बसतील अशी आखतात. म्हणजे एकमेकींशी संबंध नसलेल्या २० तपासण्या केल्या, तर ठणठणीत माणसाचाही निदान एक आकडा मर्यादेबाहेर जाण्याची शक्यता ६४ टक्के. पंच्याऐंशींत काय होईल ते तुम्हीच ताडा. माझं ऐकाल तर चिठ्ठीतल्या तीनच घ्या, होम कलेक्शनचे वेगळे पैसे निमूट भरा, आणि लॅबला एनएबीएलची, म्हणजे लॅबचा दर्जा तपासणाऱ्या संस्थेची, मान्यता आहे का तेवढं बघा.

आदल्या रात्री जेवण लवकर उरका. उपाशीपोटी म्हणजे आठ ते बारा तास फक्त पाणी. ‘बिनसाखरेचा अर्धा कप’ हे खाणं नव्हे, असं घरातलं कोणीतरी सांगेल. त्यांचं ऐकू नका. पाणी मात्र भरपूर प्या, शीर सापडायला सोपं जातं. फक्त सरासरी साखरेची एचबीए१सी करायची असेल तर उपाशी राहायची गरजच नाही, पण हे कळेपर्यंत लोक दोन-तीन नाश्ते गमावून बसलेले असतात.

सकाळी सहा ते सातचा स्लॉट घेतलात, तर पावणेसातला वॉचमनचा फोन येईल. रक्त घेणारा मुलगा आत येईल, बॅग उघडेल, ‘काका, हात सरळ’ म्हणेल. सुईचं पाकीट तुमच्यासमोर फोडतोय ना, बघा. जांभळ्या झाकणाची नळी सीबीसीची, करड्या झाकणाची साखरेची. करड्या नळीतलं फ्लोराइड नसेल तर पेशी नळीतच साखर खात बसतात आणि रिपोर्ट उगाच गोड बातमी देतो. नळीवर आपलं नाव आपल्यासमोर चिकटवून घ्या, विशेषतः नवरा-बायकोने एकाच फेरीत रक्त दिलं असेल तर. मूठ आवळा, पण पंप मारल्यासारखी उघडझाप करू नका. पोटॅशियम वाढलेलं दिसू शकतं. दोनदा टोचूनही शीर मिळाली नाही, तर दुसऱ्या कोणाला तरी पाठवायला सांगा. त्यात त्याचा अपमान नाही, आणि हात तुमचा आहे.

नंतर कापूस दाबून धरा, कोपर दुमडू नका. त्याला चहा विचारा. तो नाही म्हणेल, पुढे अजून घरं आहेत. मात्र ‘रक्त जरा काळपट नाही वाटत?’ असं विचारू नका. शिरेतलं रक्त गडदच असतं, आणि निदान करायचे पैसे त्याला कोणी दिलेले नाहीत.

जेवणानंतरची साखर असेल तर पहिल्या घासापासून दोन तास मोजा, ढेकरेपासून नव्हे. दुसऱ्या फेरीचे पैसे वेगळे पडतात का, ते बुकिंग करतानाच विचारून ठेवा.

आता बिल. नेहमीच्या आरोग्यविम्याला तुम्ही भरती झाल्याशिवाय तुमच्यात फारसा रस नसतो. आयकराच्या जुन्या पद्धतीत प्रतिबंधात्मक तपासणीला वर्षाला ५,००० रुपयांपर्यंत वजावट मिळते, रोख दिले तरी. पण ती विम्याच्या हप्त्याच्याच मर्यादेत बसते, आणि बऱ्याच घरांत हप्त्याने ती मर्यादा आधीच फस्त केलेली असते. तरी पावती फेकू नका. पुढच्या महिनाभरात त्याच आजारासाठी भरती व्हावं लागलं, तर भरतीपूर्व खर्च म्हणून ती बहुतेक पॉलिसींत चालते. फक्त सोबत डॉक्टरांची चिठ्ठी लागते, तेव्हा तिच्या पाठीवर वाण्याची यादी लिहू नका.