ओव्हरसियर काका

बांधकाम खात्यातून निवृत्त झालेला एक तरी काका नाही, असं घराणं वऱ्हाडात शोधून सापडायचं नाही. कागदोपत्री तो शाखा अभियंता असतो, गाव त्याला ओव्हरसियर म्हणतं. निवृत्तीनंतरची पहिली काही वर्षं स्वतःचं घर बांधण्यात जातात. मग तो दुसऱ्यांच्या वास्तुशांतीला जायला लागतो. एका हातात सत्यनारायणाचा प्रसाद, दुसऱ्या हाताच्या पेरानं भिंतीवर टकटक, कान लावतो आणि यजमानाच्या सासऱ्यादेखत सांगतो, "पोकळ बोलते." अशी चार घरं झाली की आमंत्रणं बंद होतात. मग उरतात जुने राजवाडे, गढ्या, देवळं आणि बारवा. त्यांचे मालक तीन-चारशे वर्षांपूर्वीच गेलेले असल्यामुळे कोणी रागावत नाही.

आमचे काका मलकापूरचे, म्हणजे घाटाखालचे. बुलढाणा जिल्ह्यात माणसाची पहिली ओळख जातीची नसते, घाटाची असते. चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा, देऊळगाव राजा हे घाटावर. मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव, मोताळा हे खाली. खालचा माणूस एप्रिलपासून भाजून निघतो आणि वरचा त्याला "आमच्याकडे रात्री चादर लागते" असं ऐकवतो. राजूर घाट चढून बुलढाण्यात शिरताना हवा खरोखरच बदलते. सर्वसाधारण प्रवासी इथं गाडीची काच खाली करतो. काका गाडी थांबवायला लावतात. त्यांना घाटातली संरक्षक भिंत पाहायची असते.

"हे भोकं पाय. पाणी निंघाले जागा नसन, त भिंत पोट काढते. ह्या भिंतीनं काढलं नाही."

मागच्या सीटवरून काकू म्हणतात, "तुम्ही काढलं ना, तेवढं बस."

काकूंच्या पिशवीत दशम्या, ठेचा आणि पाण्याच्या बाटल्या. काकांच्या पिशवीत तीस मीटरची टेप, पितळी ओळंबा, प्लास्टर ठोकून पाहायला जुनं रुपयाचं नाणं आणि एक लांबट वही. लग्नानंतर पहिल्यांदा फिरायला म्हणून काकांनी काकूंना नळगंगा धरणावर नेलं होतं. नव्या नवरीनं पाण्याकडं पाहावं, तर काका तिला भरावाच्या उताराला लावलेले दगड दाखवत होते. काकू ही गोष्ट अजूनही नव्या सुनांना सांगतात, सावध करण्यासाठी.

सिंदखेडराजाला काका १२ जानेवारीला कधी जात नाहीत. जिजाऊंचा जन्म १५९८ सालच्या त्या तारखेचा मानला जातो आणि त्या दिवशी गावात लाखोंची गर्दी लोटते. अशा गर्दीत टेप सोडता येत नाही. म्हणून आठवड्याचा मधलाच एखादा वार, सकाळची वेळ. रस्त्यालगतच लखुजी जाधवरावांच्या राजवाड्याचं भव्य प्रवेशद्वार उभं आहे. लोक त्याच्याकडं पाठ करून उभे राहतात आणि हात लांब करून फोटो काढतात. काका दरवाजाकडं तोंड करून उभे राहतात. एवढ्या एका फरकामुळं ते गर्दीत ओळखू येतात.

गावातला एक उत्साही पोरगा माहिती सांगत होता. हा म्हाळसा महाल, इथंच जिजाऊंचा जन्म झाला. बायकांनी पदर सावरून हात जोडले. काकांनीही जोडले, नाही असं नाही. पण नमस्कार सुटता सुटता त्यांनी विचारलं, "पाया किती खोल गेला आहे रे?"

पोरगा गडबडला. त्यानं लखुजीराजांची वंशावळ पाठ केली होती, पायाची खोली नव्हे.

"बरं, चुना कुठून आणत? घाणी कुठं होती?"

आणि मग काकाच सांगायला लागले. चुना नुसता कालवून भागत नाही. दगडी चाक गोल चरात फिरवायचं, बैल जुंपायचे, चुना-वाळू लोण्यासारखी होईतो मळायची. त्यात गूळ, बेलफळाचा गर, उडदाचं पीठ, जिथं जे मिळेल ते. अशा चुन्याची भिंत श्वास घेते, आतली ओल बाहेर टाकते. तिच्यावर सिमेंट थापलं की ओल आत कोंडते आणि जुनी वीट भुसभुशीत होऊन गळते. "म्हातारीच्या नाकातोंडावर गादी दाबल्यासारखं होते ते," काका म्हणाले. शाळेची एक सहल तिथं आली होती. पोरं वंशावळ सोडून काकांभोवती जमली. मास्तर वहीत लिहून घेऊ लागले. माहिती सांगणारा पोरगा कोपऱ्यात उभा राहून शेंगदाणे खात होता आणि लक्ष देऊन ऐकत होता. पुढच्या टोळक्याला त्यानं घाणीसकट राजवाडा सांगितला असणार.

काकांचा इतिहास कच्चा आहे असं नाही, त्यांचे प्रश्न वेगळे आहेत. रंगमहालात सगळे थांबतात ते शहाजी-जिजाऊंच्या सोयरिकीच्या कथेसाठी. रंगपंचमीचा दिवस, रंग उधळणारी दोन लेकरं, भरलेला दरबार. ऐकणाऱ्यांचे डोळे चमकतात. काकांचे डोळे छताकडं. "एवढी माणसं वरच्या मजल्यावर होती का खाली?" भार किती आला असेल, हा त्यांचा विषय. राजवाड्याच्या आवारातल्या नगरपालिकेच्या बागेत आम्ही दशम्या सोडल्या, तेव्हाही त्यांनी गुलाबाकडं न पाहता वाफ्याची कडेची वीट पायानं हलवून पाहिली. हलली. जेवणभर ते गप्प होते.

त्यांचा खरा जीव अडकलेला आहे तो काळ्या कोटात. जगदेवराव जाधवांच्या काळात हा कोट बांधायला घेतला. भिंतीची रुंदी २० फूट, उंचीही जवळपास तेवढीच. रुंदीइतकीच उंची पाहून इतर लोक थक्क होतात. काका खिन्न होतात. त्यांच्या मते एवढी जाड भिंत कोणी वीस फुटांवर थांबायला बांधत नसतो. वर आणखी जायचं होतं, काम अर्ध्यात राहिलं.

"काहून राह्यलं असन?" मी विचारलं. मनात माझ्या मोहिमा, फंदफितुरी, पातशाही फर्मानं.

"बिल अटकलं," काका म्हणाले.

त्यांनी हे अशा आवाजात सांगितलं की पुढं विचारायची हिंमत झाली नाही. अपुऱ्या कामांबद्दल त्यांना आपल्या माणसाबद्दल वाटावी तशी माया आहे. पुरं झालेलं काम त्यांच्या दृष्टीनं हिशेबातून गेलं. मेहकरला गेलं की म्हणूनच कंचनीचा महाल. कंचनी नावाच्या नर्तकीनं लोणारच्या देवीचा दिवा आपल्या गच्चीवरून दिसावा म्हणून मजल्यावर मजले चढवले, अशी आख्यायिका. मेहकरचे कवी ना. घ. देशपांडे यांच्या एका संग्रहाचं नावच ‘कंचनीचा महाल’ आहे. आमच्यासोबत असलेली काकांची भाची मराठी शिकवते. तिनं त्या पडक्या भिंतींकडं पाहून दीर्घ श्वास घेतला. काकांनी वहीत रेघ ओढली. ह्या टोकाला मेहकर, त्या टोकाला लोणार, मधे वीस-बावीस किलोमीटर माळ.

"देवी कुठी आहे? कमळजा त खड्ड्यात, पाण्याजवळ. दिवा खड्ड्यात अन् बाई मेहकरात. किती मजले चढोले तरी दिसणार आहे का? लेव्हल कोनं घेतली होती?"

भाची म्हणाली, "मामा, ती प्रेमकथा आहे."

"म्हणूनच लेव्हल घ्या लागते."

मेहकरहून लोणार. तिथं मला वाटलं होतं, आता काका हरतील. हे काही कोणी बांधलेलं नाही. उल्का पडून काळ्या बसाल्टमध्ये झालेला खड्डा, काठापासून काठापर्यंत सुमारे १.८ किलोमीटर. १८२३ साली सी. जे. ई. अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्यानं त्याची नोंद केली. २०२० च्या जूनमध्ये पाणी गुलाबी झालं तेव्हा अख्ख्या देशानं फोटो पाहिले, त्याच वर्षी रामसर यादीतही नाव गेलं. काका काठावर उभे राहिले. बराच वेळ काही बोलले नाहीत. काकूंनी काळजीनं पाण्याची बाटली पुढं केली.

"सहा कोटी ब्रास," काका म्हणाले.

"काय?"

"उत्खनन. खोली धर सवाशे-दीडशे मीटर, वाडग्यासारखा आकार धर. शंभर घनफुटाचा एक ब्रास. पाच-दहा लाख इकडंतिकडं. सगळा पत्थर. अन् हे एका झटक्यात." मग आवाज खाली आणून, "रॉयल्टी भरली नाही कोणं."

दैत्यसूदन मंदिरात मात्र त्यांनी टेप काढली नाही. तिथल्या मूर्तींवरून आणि स्तंभांवरून ते नुसता हात फिरवत राहिले, जावई बैलजोडी पाहताना फिरवतात तसा नव्हे, हळू. सांध्याजवळ आले की थांबायचे. "ब्लेड जाते का पाय आत," मला म्हणाले. गेलं नाही. "आमच्या टायमाले ठेकेदार ह्या सांध्यातून सायकल नेत होते."

आता जे सांगतो ते काकांना सांगू नका. समृद्धी महामार्ग झाल्यापासून सिंदखेडराजा आणि मेहकर दोन्हीकडं उतरायची सोय झाली आहे. नागपूर–शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला खुला झाला तेव्हापासून सारे नातेवाईक तिकडून जातात. काका जुन्या रस्त्याचाच हट्ट धरतात. कारण विचारलं तर टोल, कारण विचारलं तर टायर फुटतात. खरं कारण एका वळणावर कळलं. "थांबव," म्हणाले. ना राजवाडा, ना गढी. नाला होता, कोरडा. त्यावर एक नळकांडी मोरी. काका उतरले, बाभळीतून वाट काढत खाली गेले, पाईपात वाकून आरपार पाहिलं. वर आले तेव्हा धोतराच्या काठाला—माफ करा, पँटच्या काठाला, काका धोतर कधीच नेसत नाहीत, पण त्या क्षणी ते मला त्यांच्या वडिलांसारखे दिसले—कुसळं लागली होती.

"माझी आहे," म्हणाले.

भाचीनं ताबडतोब मोबाईल काढला. काकांना मोरीच्या कठड्यावर बसवलं. दिवसभरात राजवाड्यापुढं, सरोवरापुढं कोणी कितीही विनवलं तरी फोटोला उभे न राहिलेले काका तिथं टोपी सरळ करून बसले. काकू गाडीतून उतरल्या नाहीत. "त्या मोरीच्या वक्ताले मोठा चाळीस दिवसांचा होता," एवढंच त्या म्हणाल्या, आणि दशमीचा उरलेला तुकडा पुन्हा फडक्यात बांधला.

परतताना पुन्हा सिंदखेडराजा, कारण मोती तलाव राहिला होता. जुन्या काळी शेतीच्या पाण्यासाठी बांधलेला हा तलाव. त्याची दर्शनी बाजू किल्ल्यासारखी. काकांचं म्हणणं असं, की राजा ओळखायचा तर राजवाड्यावरून नव्हे, तलावावरून. राजवाडा स्वतःसाठी असतो आणि स्वतःच्या घराचं काम कोणीही चांगलंच करून घेतो. हे मला पटलं. आणि पटलं म्हणून सांगतो, चांदणी तलावाच्या मधोमध उभ्या तीन मजली इमारतीकडं मी पाहत राहिलो तेव्हा माझ्याही तोंडून निघालं, "पाण्यात पाया कसा घातला असेल?" काकांनी माझ्याकडं असं पाहिलं, जसं मुलगी दाखवायला आलेल्या बापानं होकार ऐकल्यावर पाहावं.

पुतळा बारवेत ते फार थांबले नाहीत. शिल्पं छान आहेत म्हणाले, पायऱ्यांची उंची मोजली आणि काकूंच्या गुडघ्यांना वरच थांबायला सांगितलं. लखुजीराजांच्या समाधीपाशी मात्र त्यांनी पिशवी बाहेर ठेवली. १६२९ साली निजामशाही दरबारात दौलताबादेत राजांचा आणि त्यांच्यासोबत मुलांचा घात झाला. हे तो सकाळचाच पोरगा सांगत होता आणि या वेळी काकांनी त्याला मध्ये अडवलं नाही.

निघताना एका दाराशी अभिप्रायाची वही ठेवलेली दिसली. आधीच्या पानांवर ‘खूप छान’, ‘जय जिजाऊ’, ‘स्वच्छतागृह हवे’ असं बरंच काही. काकांनी चष्मा लावला, वही टेबलावर सरळ केली आणि समास सोडून लिहिलं:

"समक्ष पाहणी केली. चुनाकाम उत्तम. ओळंबा बरोबर. भिंतीतील पिंपळ मुळासकट काढावा, त्या जागी सिमेंट भरू नये. पन्हळ तुंबली आहे ती मोकळी करावी. काम समाधानकारक. अंतिम देयक अदा करण्यास हरकत नाही."

खाली सही, तारीख, कंसात सेवानिवृत्त.

राखण करणाऱ्या माणसानं ते बोट ठेवून वाचलं. मग डोकं खाजवत विचारलं, "काका, हे बिल कोणाले द्याचं पण?"

काकांनी पेनाला टोपण लावलं. "गवंड्याच्या वारसाले. चौकशी करून ठेव, इथलेच असतीन."