हिंगाच्या डबीत गहू

अहो वहिनी, कढीपत्ता हवा तेवढा तोडा, पण आधी जरा भिंतीशी या. काल ती कोपऱ्यावरच्या बंगल्यातली आली होती ना आमच्याकडे, बसली, चहा प्यायली आणि जाताना नातीच्या हातावर बिस्किट ठेवलं. सूनबाईनं ते लगेच काढून घेतलं, तर हिचं तोंड हे एवढं झालं. "एका बिस्किटानं काय होतंय हो!" आता गल्लीभर सांगत सुटेल, की यांच्या सुनेनं पोरीला उपाशी मारायला घेतलंय. म्हटलं, तुम्ही तिच्याकडून ऐकण्याआधी माझ्याकडूनच ऐका.

पोरीला सिलिॲक आहे. नाही हो, लागण होत नाही त्याची, खुशाल जवळ घ्या तिला. गव्हात ग्लूटेन असतं, ते पोटात गेलं की शरीर स्वतःच्याच आतड्यावर उलटतं. लहान आतड्याला आतून मखमलीसारखी लव असते म्हणे, ती झडून जाते. मग खाल्लेलं अंगी लागणार कसं? आठवतंय ना, पोट कायम फुगलेलं, हातपाय वाळलेले. लोहाची औषधं पाजून दमलो, पण रक्त काही वाढेना. तुम्हीच दृष्ट काढायला सांगितली होतीत, ती पण काढली. शेवटी पोटाच्या डॉक्टरांनी टीटीजी नावाची रक्ताची तपासणी केली, मग दुर्बिणीतून आतड्याचा कणभर तुकडा काढून पाहिला, तेव्हा कळलं. आणि हो, तुमच्या भाचीचं पोट सारखं बिघडतं ना? तिला म्हणावं, संशय आला तर आधी डॉक्टर गाठ, आपल्या मनानं गहू बंद करू नकोस. गहू सोडला की तपासणीत काही दिसेनासं होतं आणि निदान लांबतं. घरात एकाला निघालं की सख्ख्या भावंडांची, आईवडिलांची पण तपासणी करतात.

औषध कसलं? गहू, जव आणि ते परदेशी राय, तिन्ही जन्मभर बंद. एवढंच औषध.

आमचा मुलगा वाचत बसतो हल्ली या विषयावर. हे कुणी शोधलं सांगू? हॉलंडमधले लहान मुलांचे डॉक्टर, डिके नावाचे. त्यांना गव्हाचा संशय होताच. त्यात महायुद्धात, 1944-45 च्या हिवाळ्यात तिकडे दुष्काळ पडला, पाव मिळेना. बाकी सगळे भुकेनं हैराण आणि या आजाराची मुलं मात्र सुधारायला लागली. पुढे 1950 साली त्यांनी त्यावर प्रबंधच लिहिला. त्याआधी या मुलांना नुसत्या केळ्यांवर ठेवायचे म्हणे डॉक्टर!

काय म्हणालात, खपली गहू? अहो, मला पण माझ्या जावेनं तेच सुचवलं. "खपली पचायला हलका, देऊन बघा." खपली झाला तरी गहूच तो, ग्लूटेन त्यातही आहेच. रवा म्हणजे गहू, शेवया म्हणजे गहू, दलिया, कुरडया, सगळा गहूच. दुधात घालतात ती चॉकलेटी पावडर बघा, त्यात पुष्कळदा जवाचं माल्ट असतं. चायनीजच्या गाडीवरच्या सोया सॉसमध्येही बहुधा गहू. आणि आपलं मेतकूट! मऊ भात, तूप, मेतकूट, आजारी माणसाचं जेवण ना? मूठभर गहू भाजून घालतोच की आपण त्यात. थालिपिठाच्या भाजणीतही घालतो. आता मी दोन्ही बिनगव्हाची करते, चवीत काही फरक पडत नाही, उगाच सवय लागलेली आपल्याला.

खायला काही कमी नाही हो तिला. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, आंबोळ्या, घावन, उकडीचे मोदक. उपासाचं तर सगळंच चालतं. साबुदाणा, वरई, राजगिरा, शिंगाडा. पोरगी खूश आहे, बारा महिने चतुर्थी! पंजाबकडे जिथे तिन्ही त्रिकाळ गहू, तिथल्या आयांनी काय करावं? आपल्याला भाकरी तरी येते थापता.

पण वहिनी, खरी मेख खाण्यात नाहीच, ती गिरणीत आहे. आपण गिरणीवाल्याला बाजरीवर गहू टाकू देतो का? पोळी काळी होते म्हणून भांडतो. मग गव्हावर ज्वारी टाकली की त्या ज्वारीत किती गहू येत असेल? काळा नाही दिसत, म्हणून आपल्याला कळत नाही, एवढंच. सकाळी पहिलं दळण देऊनही उपयोग नाही, आदल्या दिवशीचं पीठ जात्यात, नळीत, डब्याच्या कडेला असतंच. विकतचं उपासाचं पीठ, ते तरी कुठे दळलं देव जाणे. म्हणून घरघंटी घेतली. गहू तिच्यात एकदाही टाकलेला नाही आणि टाकू देणार नाही, ह्यांनी टाकतो म्हटलं तरी. ज्वारी आणली की ताटात घेऊन निवडते. बघा एकदा निवडून, मूठभर ज्वारीत एखादा गव्हाचा दाणा सापडतोच. वाण्याकडे एकच माप सगळ्या पोत्यांतून फिरतं ना.

आणि हिंग! थांबा, डबीच आणते. हे वाचा, बारीक अक्षरात आहे, चष्मा लावा. खाद्य गोंद, गव्हाचं पीठ, हिंग. बांधानी हिंग म्हणतात तो हाच. वरणाला फोडणी, आमटीला फोडणी, ताकाला फोडणी, प्रत्येकात गहू! पोर वरणभातावर होती आणि तरी पोट दुखायचं. आता खडा हिंग आणते नाहीतर तांदळाच्या पिठाचा. मिळतो, फक्त डबी उलटून वाचावी लागते.

तुम्हाला वाटत असेल, एवढ्यानं काय होतं. मलाही विचारतात सगळे. दिवसाला 50 मिलिग्रॅम ग्लूटेन रोज गेलं तरी आतड्याला इजा होते. म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम कणीक, दोन बोटांच्या चिमटीत मावेल एवढी. पुडक्यावर ग्लूटेन फ्री छापायचं तर किलोमागे 20 मिलिग्रॅमच्या वर असता कामा नये, असा आपल्याकडे एफएसएसएआयचा नियमच आहे. आता सांगा, त्या बाईचं बिस्किट कुठे बसतं यात?

स्वयंपाकघरात सूनबाईनं तर सोवळंच सुरू केलंय. हसताय काय! आमच्या सासूबाईंचं सोवळं आम्हाला जाचायचं, हे मात्र मला पटतं. पोरीचा तवा वेगळा, परात वेगळी, चाळणी वेगळी. चाळणीच्या जाळीतलं पीठ कितीही धुवा, निघत नाही. पोळपाट-लाटणं लाकडाचं, त्याच्या चिरांत कणीक बसलेली, म्हणून तिच्यासाठी नवं आणलं. स्टीलची भांडी मात्र नीट घासली की चालतात, ती वेगळी नकोत. आधी तिचं रांधून झाकून ठेवायचं, मग आमची कणीक चाळायची, कारण पीठ उडतं आणि उघड्या भांड्यात बसतं. सगळ्यात मोठी भानगड तुपाच्या भांड्याची. पोळीला चमचा फिरवायचा आणि तोच परत तुपात. बघा कधी निरखून, तळाशी पोळीचे कण बसलेले असतात. लोणच्याच्या बरणीचंही तेच. तिची बरणी वेगळी, तिला लाल दोरा बांधलाय. ह्यांच्या हातून एकदा पोळीचा चमचा तीत गेला, तर सूनबाईनं अख्खी बरणी आमच्याकडे वळती केली. बोलली काही नाही, पण ह्यांनी त्या दिवसापासून दोरा बघूनच हात घालायला सुरुवात केली.

बाहेर खाणं तर विचारूच नका. बटाटेवडा बेसनाचा, चालायला हवा, पण तेल तेच, ज्यात आत्ता सामोसे तळले. एका हॉटेलात डोसा मागवला, साधा हं, रवा डोसा नाही. सूनबाई मुदपाकखान्यात जाऊन विचारून आली तर म्हणे, कुरकुरीत व्हावा म्हणून पिठात थोडा रवा टाकतो. पोरीनं शहाळं पिऊन वेळ काढली. शाळेत डबे एकमेकांना देतात ना मुलं, ते तिला कसं जमतंय याची मला धास्ती होती. तर ती काय करते, दुसऱ्यांना आपल्यातलं देते, आपण घेत नाही. राजगिऱ्याच्या लाडवांना वर्गात फार मागणी आहे!

तर मुद्द्याचं. श्रावणात तुमच्याकडे सत्यनारायण आहे ना? प्रसादाचा शिरा रव्याचा, आणि प्रसादाला नाही म्हणायचं म्हणजे मोठीच पंचाईत. गुरुजींना विचारलं मी, ते म्हणाले फळ हाही प्रसादच. तेव्हा पोर आली की आग्रह करू नका, तिच्यासमोर "अरेरे, बिचारी" पण म्हणू नका. तिला एक केळं द्या. सालासकट द्या हं, शिरा वाढलेल्या हातानं सोलून नको.