एका हातानं

(रंगमंचावर एक लाकडी खुर्ची आणि तिपाई. तिपाईवर स्टीलचं पातेलं. नट चालत येतो, खुर्चीला टेकून उभा राहतो. काका, पुतण्या, काकू आणि टेकडीवरचे सगळे तोच.)

सिनेमा शुक्रवारी लागतो आणि त्याचा निकाल शनिवारी सकाळी साडेसातला लागतो. हनुमान टेकडी उतरल्यावर जिथं चहा मिळतो, तिथं चार निवृत्त गृहस्थांचं खंडपीठ बसतं. चौघांपैकी सिनेमा एकानंच पाहिलेला असतो. उरलेल्या तिघांचं मत त्यामुळे जास्त ठाम असतं, कारण पाहिलेल्या माणसाच्या मनात उगाच शंका असतात.

या खंडपीठाचे सरन्यायाधीश म्हणजे काका. मुक्काम सदाशिव पेठ, विषय एकच: हेरपट. काकांनी चौतीस वर्षं सरकारी लेखा खात्यात काढली. निरोपसमारंभात साहेबांनी भाषण केलं, डोळ्यांत पाणी आणलं आणि काकांचं नाव चुकवलं. दुसरा कुणी असता तर नारळ तिथंच आपटून निघून गेला असता. काका घरी आले ते छाती फुगवूनच.

(काकांच्या आवाजात) "चौतीस वर्षं! एका खोलीत! आणि नाव माहीत नाही! हेरखात्यात असतो ना, तर पदक मिळालं असतं."

इथून त्यांचा सिद्धांत सुरू होतो. त्याला टेकडीवर 'पीएमटी कसोटी' म्हणतात. एक इसम बसमध्ये शेजारी येऊन बसला, स्वारगेट ते डेक्कन आला, उतरून गेला. संध्याकाळी पोलिसांनी विचारलं, दिसायला कसा होता? वर्णन करता आलं, तर तो हेर नव्हे. तो नट.

या कसोटीला नवे सिनेमे धडाधड नापास होतात. 'पठाण', 2023. शाहरुख खान, खांद्यापर्यंत केस. "हा बसमध्ये चढला तर कंडक्टर तिकीट फाडायचं सोडून फोटो काढेल. नापास." 'वॉर 2', 2025. हृतिक रोशन. "हा शेजारी बसला तर माझा स्टॉप चुकेल. नापास." पुतण्या हिंजवडीत नोकरीला आहे, सिनेमा पहिल्या दिवशी पाहतो आणि काकांशी भांडायला शनिवारी मुद्दाम टेकडी चढतो. त्यानं 'धुरंधर' पुढे केला: काका, यात तर हेर कराचीच्या ल्यारीत जाऊन त्यांच्यातलाच होऊन राहतो, तुमच्या कसोटीत बसतोय की! काकांनी एकच प्रश्न विचारला, किती वेळाचा आहे? साडेतीन तास. काका म्हणाले, "अरे, मग ती हेरगिरी नाही. तो मुक्काम."

'राझी' मात्र उत्तीर्ण. 2018 चा सिनेमा, मेघना गुलजारचा. 1971 च्या युद्धाआधी भारताची मुलगी पाकिस्तानी लष्करी घराण्यात सून म्हणून जाते. काका म्हणतात, याहून चांगला वेश जगात नाही. सुनेच्या हातात ट्रे असला की चेहऱ्याकडे कोण बघतं? (आतून भांडं आपटल्याचा आवाज. नट दचकतो, आवाज खाली आणतो.) फक्त एक गोष्ट त्यांना पटलेली नाही. त्या घरात जाऊ आहे, आपली अमृता खानविलकर. आणि तरी आधी संशय येतो तो अब्दुल नावाच्या जुन्या नोकराला. जाऊ घरात असताना नोकराला आधी?

मग पुतण्या हुकमाचं पान टाकतो. जेम्स बाँड.

(खुर्चीवर बसतो. चहाचा घोट घेतल्याचा अभिनय.)

इथं काका नेहमी थोडा वेळ घेतात, कारण ही जखम जुनी आहे. इयन फ्लेमिंगनं 1953 साली प्रसिद्ध झालेली 'कॅसिनो रॉयाल' लिहिली, तेव्हा त्याला नायकासाठी अगदी मिळमिळीत, कुणाच्या लक्षात राहणार नाही असं नाव हवं होतं. जमैकात त्याच्या कपाटात वेस्ट इंडीजमधल्या पक्ष्यांचं एक पुस्तक होतं. त्याच्या लेखकाचं, एका पक्षितज्ज्ञाचं, नाव त्यानं उचललं: जेम्स बाँड. म्हणजे नाव पीएमटी कसोटीला उतरेल असंच निवडलं होतं! आणि 1962 मध्ये 'डॉक्टर नो' आला. हा पठ्ठ्या पत्त्यांच्या टेबलावर बसून आधी आडनाव सांगतो, मग पूर्ण नाव सांगतो, आणि दोन्ही खरी. काका म्हणतात, आपण रेल्वेत शेजारच्या माणसाला उतरायचं स्टेशनसुद्धा खरं सांगत नाही. त्या सगळ्या सिनेमांत एकच गोष्ट गुप्त राहिली, ती म्हणजे शॉन कॉनरीचा टोप.

'ऑक्टोपसी'बद्दल काका बोलत नाहीत. बोलत नाहीत म्हणजे वीसच मिनिटं बोलतात. 1983. रॉजर मूर उदयपुरात येतो, रिक्षातून पळतो, आणि मदतीला साक्षात टेनिसपटू विजय अमृतराज, जो गुंडांना रॅकेटनं बडवतो. रस्त्यावरची गर्दी इकडून तिकडे माना वळवत बघते, जणू विम्बल्डन. पुढे बाँड गोरिलाच्या वेशात लपतो, मग सर्कशीत विदूषक होतो. "आणि गंमत सांगू?" काका कुजबुजतात, "त्या अख्ख्या सिनेमात तो पहिल्यांदा हेर वाटतो ते विदूषक झाल्यावर. सर्कशीत विदूषकाकडे कोण संशयानं बघतं?"

आपले हिंदी हेर तर विचारू नका. 1967 च्या 'फर्ज'मध्ये जितेंद्र एजंट 116, पायात पांढरे बूट. पांढरे! जुलैत लक्ष्मी रोडवरून चालला असता तर चिखलाच्या ठशांवरून शत्रू थेट घरी पोचला असता. 1977 चा 'एजंट विनोद', 1979 च्या 'सुरक्षा'तला मिथुनचा गनमास्टर जी-नाइन... काका एका फुंकरीत उडवून देतात. पण 'सुरक्षा' टीव्हीवर लागला की उठत नाहीत. आजतागायत उठलेले नाहीत.

(उठतो. पातेलं हातात घेतो, पुसतो, पुन्हा ठेवतो. आवाजात भक्ती.)

मग काकांचं दैवत कोण? 'द इपक्रेस फाइल', 1965. मायकेल केन. गंमत अशी की निर्माता हॅरी सॉल्ट्झमन, म्हणजे बाँडचे सिनेमे काढणाऱ्या जोडीतलाच एक. बहुधा प्रायश्चित्त म्हणून काढला असावा. यातला हेर हॅरी पामर सकाळी गजरानं उठतो आणि आधी चाचपडून चष्मा शोधतो. चष्मा! हेराला नंबर! काकांनी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा स्वतःचा चष्मा काढून पुसला होता. हा पामर पगारवाढीचं विचारतो. साहेबाशी गुप्त बोलणं करतो ते किराणाच्या दुकानात, सामानाची गाडी ढकलत, आणि दोघांचा वाद होतो कशावरून? डबाबंद अळंब्यांच्या किमतीवरून! काका म्हणतात, हा माणूस मंडईतसुद्धा शोभला असता.

आणि तो स्वयंपाक करतो. मूळ कादंबरीचा लेखक लेन डेटन हा पाकक्रियेतला दर्दी; लंडनच्या वर्तमानपत्रात पाककृतींच्या चित्रपट्ट्या काढायचा. सिनेमात पामर एका हातानं अंडं फोडतो. केनला ते जमेना. तेव्हा पडद्यावर जे हात दिसतात ते खुद्द डेटनचे.

एका हातानं अंडं. इथं काका घसरले.

कारण काकांच्या घरात अंडं येत नाही. आलेलं नाही. काकूंच्या सासूबाईंच्या काळात एकदा केकमधून आलं होतं, तेव्हा ताटली बदलली होती. काकूंचं भजनी मंडळ असतं दर गुरुवारी, चार ते सहा. म्हणजे वार दत्ताचा, वेळ काकूंची आणि कार्यक्रम काकांचा. अंडी पेठेत घ्यायची नाहीत, कारण पेठेत माणूस घरी पोचण्याआधी त्याची पिशवी घरी पोचते. नदी ओलांडायची, कर्वे रोडला अर्धा डझन घ्यायची, वर्तमानपत्रात गुंडाळायची, वर मेथीची जुडी. साडेचारला पुतण्या 'वर्क फ्रॉम होम' सांगून हजर. सव्वापाचला उदबत्ती.

(पातेल्याच्या काठावर काल्पनिक अंडं आपटतो. बोटं झटकतो. चेहरा पडतो.)

पहिले चार गुरुवार टरफलासकट पातेल्यात. लोक सोळा सोमवार करतात, काकांचे सोळा गुरुवार झाले. दर खेपेला सहा, एकूण शहाण्णव अंडी, म्हणजे बरोबर आठ डझन. लेखा खात्याचा माणूस, हिशोब चोख. भुर्जी पुतण्यानं खायची, टरफलंही त्यानंच लॅपटॉपच्या बॅगेतून हिंजवडीला न्यायची. टिळकांच्या त्या गोष्टीनंतर मराठी माणूस टरफलं उचलायला राजी नसतो. पण इथं खाल्लेलंही यानंच होतं, त्यामुळे बाणेदारपणाला वाव नव्हता.

सोळाव्या गुरुवारी जमलं. (एका हाताची सफाईदार हालचाल: टिचकी, अंगठा आणि दोन बोटांत झटका, हात उघडा.) काकांनी स्वतःच टाळ्या वाजवल्या. एकाच हातानं वाजेनात, म्हणून दुसरा वापरला.

आता हेरगिरीतली सगळ्यात मोठी अडचण. पराक्रम करून तो सांगायचा नाही, आणि तोही पुण्यात!

त्या शनिवारी टेकडीवर विषय निघाला, हेर पकडला कसा जातो? मालवणचे सदस्य म्हणाले, खाण्यावरून. 'फ्रॉम रशिया विथ लव्ह', 1963: गाडीतल्या जेवणात शत्रूचा माणूस माशाबरोबर लाल वाइन मागवतो. बाँडला त्याचा अर्थ कळतो तो पिस्तूल रोखलं गेल्यावर. "आमच्याकडे," मालवणकर म्हणाले, "बांगड्याबरोबर कुणी ताक मागितलं तर त्याला गावाच्या वेशीवरच धरतील." पुतण्या म्हणाला, नाही, चुकून. 'नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट', हिचकॉक, 1959: उपाहारगृहात नायिका पिस्तूल झाडणार असते, आणि मागच्या टेबलावरचं एक पोरगं गोळी सुटायच्या आधीच कानात बोटं घालून बसलंय. तालमीत ऐकला असणार आवाज. ते दृश्य तसंच राहिलं, आजही दिसतं.

काका म्हणाले, दोघंही चूक. हेर पकडला जातो बोटांवरून. 2009, टॅरंटिनोचा 'इनग्लोरियस बास्टर्ड्स'. इंग्रज अधिकारी जर्मन गणवेशात, भाषा पक्की. तळघरातल्या दारूच्या गुत्त्यात तीन ग्लास मागवतो, आणि बोटं दाखवतो ही. (तर्जनी, मधलं, अनामिका.) जर्मन माणूस दाखवतो ही. (अंगठा, तर्जनी, मधलं.) संपलं! "माणूस तोंडानं खोटं बोलेल," काका गरजले, "बोटांना शिकवलेलं लपत नाही!"

आपण काय बोलून गेलो हे काकांना त्या क्षणी कळलं नाही.

त्याच रात्री पुतण्यानं घरी टीव्हीवर एक नवा सिनेमा लावला, 'ब्लॅक बॅग', 2025, स्टीव्हन सोडरबर्गचा. लांबी ऐकूनच काका निम्मे विरघळले: दीड तास! नायक मायकेल फासबेंडर, म्हणजे तोच, तीन बोटंवाला. आता जाड काळ्या काड्यांचा चष्मा लावून. काका सरसावून बसले. नवरा हेर, बायको केट ब्लँचेट तीही हेर, एकाच खात्यात. एकमेकांना न सांगण्याजोगं काही असलं की म्हणायचं, 'ब्लॅक बॅग'. पुढे प्रश्न बंद. खात्यात फितूर कुणीतरी आहे, संशयितांत बायकोचंही नाव आहे. नवरा सहकाऱ्यांना जेवायला बोलावतो, स्वतः रांधतो, आणि खरं बोलायला लावणारं औषध घालतो कशात? चना मसाल्यात! बायकोला आधीच सांगून ठेवतो, ते तेवढं खाऊ नकोस.

"आपले छोले!" काका ओरडले. काकू बाजूला मेथी निवडत होत्या. म्हणाल्या, "गप बघा."

सिनेमा संपला. काकांच्या अंगात पामर संचारला. "हा चष्मा, हा स्वयंपाक, हे सगळं 'इपक्रेस'वरून आलंय! डेटनचे हात बघायला हवे होते तुम्ही. अंडं घ्यायचं असं..." आणि रिकाम्या हातानं, हवेत, काठावर टिचकी, अंगठा आणि दोन बोटांत झटका, हात उघडा.

(हात तसाच हवेत. खूप वेळ.)

मेथी निवडायची थांबली.

काकू काही बोलल्या नाहीत. जुडीचा दोरा सोडवला, देठं गोळा केली, आत गेल्या. काकांनी पुतण्याकडे पाहिलं. पुतण्यानं लॅपटॉपच्या बॅगेकडे.

पुढचा गुरुवार. चार वाजले. काकू भजनाला गेल्याच नाहीत. सव्वापाचला त्यांनी स्वतः उदबत्ती लावली. साडेसातला पानं घेतली. काकांच्या ताटात छोले. पुतण्याच्या ताटात छोले. स्वतःच्या ताटात दूध आणि केळं.

(काकांच्या आवाजात, हळू) "अगं... तू नाही घेत?"

(काकूंच्या आवाजात, वाढत) "माझा गुरुवार आहे." (पळी पातेल्यात ठेवते.) "खा ना, गार होतील. आणि अहो... तुमचा हा कितवा?"

(नट क्षणात पुतण्या होतो. दोन्ही कानांत बोटं घालतो. अंधार.)