बीदरच्या उन्हातली डॉल्फिन

बीदर जिल्ह्यात डॉल्फिन सापडते असं मी म्हटलं, की आमच्या गावचे विज्ञानाचे मास्तर चष्मा काढून पुसायला घेतात. समुद्र आम्हाला कुठूनही लांबच. मांजरा आणि कारंजा या आमच्या नद्या, आणि उन्हाळ्यात त्यांच्या पात्रात पोरं क्रिकेट खेळतात. तरीही सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर, बसवकल्याणला जिथून वळायचं त्या सस्तापूर बंगल्याजवळच्या ऑटो नगरात, ट्रकच्या अर्धवट बॉड्यांच्या आड ती मला दिसली. रंग कोणे एके काळी पांढरा. दारं दोन. चाकं चार, पैकी हजर तीन, चौथ्याच्या जागी विटा. टपावर एक कोंबडी बसलेली, आर.सी. बुक तिच्याच नावावर असल्याच्या थाटात.

सिपानी डॉल्फिन. आमच्याच राज्यात, बेंगळुरूला बनलेली. इंग्लंडच्या रिलायंट किटन या गाडीवर बेतलेली, 1982 साली बाजारात आलेली, 848 सीसीचं इंजिन आणि अंग सगळं फायबरचं. पुढच्याच वर्षी डिसेंबरात मारुती 800 आली आणि डॉल्फिनला विचारणारं कुणी उरलं नाही. मारुतीला दारं चार होती. आपल्याकडे मोटार घेणारा माणूस एकटा कधीच घेत नाही. मागे आई, बायको, दोन पोरं आणि मुक्कामी आलेला मेव्हणा धरूनच तो हिशेब करतो.

फायबरचा मोठा गुण म्हणजे ते गंजत नाही. पण ते ठोकताही येत नाही, आणि ही गोष्ट कंपनीने आमच्याकडच्या डेंटरला कळवलेली नव्हती. ऑटो नगरातल्या उस्तादांनी तो किस्सा मला कौतुकाने सांगितला. गाडीच्या कुशीला पोचा आला होता. नवशिक्या पोराने सवयीप्रमाणे आतून लाकडी ठोकळा धरला, बाहेरून हातोडी घातली आणि हातोडी हातासकट आरपार गेली. ‘इसकू हातोडी नक्को रे, ये लोहा नै,’ असं उस्ताद ओरडेपर्यंत पोराचा हात आतून गिअरच्या दांड्याला लागला होता. मग त्यांनी ते भोक पाण्याच्या टाक्या सांधणाऱ्याकडून बुजवून घेतलं. जगात दुसऱ्या कुठल्याही मोटारीचं काम टाकीवाल्याने केल्याचं मी ऐकलेलं नाही.

मला अशा विसरलेल्या गाड्या बघायचा नाद आहे, आणि घरात त्याची बदनामी आहे. ‘अहो, लोक लग्नाला जाऊन मांडव बघतात, तुम्ही पार्किंग बघता,’ असं आमच्या घरचं म्हणणं. खरं आहे. पण ज्याला विसरलेल्या गाड्या बघायच्या, त्याने मुंबईच्या व्हिंटेज मिरवणुकीत जाऊ नये. तिथे सगळ्या पॉलिश केलेल्या आणि मालकासकट इस्त्री केलेल्या. त्याने आमच्या सीमेवर यावं. पुणे, सोलापूर, हैदराबाद, बेंगळुरू या चारही शहरांनी टाकलेली गाडी शेवटी घरंगळत इथे येते. एकाच चहाच्या टपरीपुढे केए-38, केए-39, केए-56 आणि एमएच-24 अशा चार पाट्या उभ्या असतात, आणि त्यांतली एखादी गाडी अशी असते की जिची कंपनी बंद पडून तीस वर्षं झाली, हे तिला कुणी सांगितलेलंच नसतं. सुटा भाग मिळत नाही ही अडचण शहरातली. आमच्याकडे सुटा भाग मिळत नसेल तर दुसऱ्या गाडीचा बसवतात. तोही नसेल तर विहिरीवरच्या इंजिनाचा.

चमत्कारिक मोटारींची आम्हाला तशी परंपराच आहे. 1948 पर्यंत बीदर आणि गुलबर्गा हे दोन्ही जिल्हे निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते, आणि निजामाने रोल्स-रॉइसकडून सिंहासनाची मोटार करवून घेतली होती. सिल्व्हर घोस्ट जातीची, अंग पिवळं, मागे बसायला सीट नाही तर उंच आसन. मागवली सहाव्या निजामाने, पण ती येण्याआधीच 1911 साली तो वारला आणि मिरवायला मिळाली सातव्याला. आज ती हैदराबादच्या चौमहल्ला राजवाड्यात आहे. सिंहासन ही मोटारीतली सोय पुढे कुठल्याच कंपनीने दिली नाही. तरी आमच्याकडच्या जीपवाल्यांनी ती परंपरा आपल्या परीने चालवली: पुढच्या सीटवर पाच जण बसवले की मधला माणूस आपोआप उंच होतो.

जीपवरून आठवलं. जुन्या जीपच्या डॅशबोर्डवर एक ओढायची मूठ असायची, हँड थ्रॉटल. ती ओढून ठेवली की पाय न लावता इंजिन एका वेगात चालत राहतं. ही सोय शेतकऱ्यासाठी होती. जीप उभी करायची, इंजिनाची ताकद बाहेर काढायची आणि तिच्यावर मळणी यंत्र किंवा करवत चालवायची, अशी कंपनीची कल्पना. आमच्या बाजूला जीपवर मळणी केलेली मी पाहिली नाही. मात्र गाणगापूर रोड स्टेशनावरून देवळाकडे निघालेल्या एका जीपमध्ये त्या मुठीचं सार्थक झालेलं पाहिलं. ड्रायव्हरने मूठ ओढली, इंजिनाचा सूर पक्का केला, उजवा गुडघा स्टिअरिंगला लावला, दोन्ही हात मोकळे केले आणि डाव्या तळव्यावर तंबाखू घेऊन सावकाश चुना मळायला लागला. जीप सरळ चालली होती. मागच्या बायकांनी दत्ताच्या नावाचा गजर एकदम वरच्या पट्टीत नेला. चुना मळून झाला, चिमूट दाढेखाली गेली, तेव्हा कुठे हात स्टिअरिंगवर आले. आजच्या महागड्या गाड्यांत याला क्रूझ कंट्रोल म्हणतात आणि त्याचे वेगळे पैसे घेतात.

डुक्कर फियाट सगळ्यांनाच ठाऊक आहे, पण तिची पुढची दारं उलटी उघडायची हे किती जणांच्या लक्षात असेल? बिजागरी मागच्या बाजूला. चालत्या गाडीत खटका सुटला की वारा दार ओढून घेई, म्हणून पुढे ती पद्धत गेली. पण नऊवारीतल्या बाईला उतरायला त्याहून सोयीचं दार झालं नाही: आधी पाय बाहेर, मग पदर, मग स्वतः. हल्लीच्या दारातून आधी डोकं काढावं लागतं, आणि ते कुठेतरी आपटतंच.

स्टँडर्ड हेरॉल्डबद्दल मात्र मी पक्षपाती आहे. मद्रासला बनायची, 1961 पासून. मूळ इंग्रजी ट्रायम्फ हेरॉल्ड, आखणी मिकेलोत्ती नावाच्या इटालियनाची. इंग्रजांनी ती दोन दारांची ठेवली; चार दारांची हेरॉल्ड जगात फक्त हिंदुस्थानात झाली (कारण वर सांगितलंच, मेव्हणा). तिच्या दोन करामती होत्या. एक म्हणजे ती पंचवीस फुटांच्या वर्तुळात फिरायची. बीदरच्या जुन्या गावात चौबाऱ्याच्या आसपास गल्ल्या अशा आहेत की तिथे आत शिरलेला माणूस समोरून म्हैस आली तर घरात जाऊन उभा राहतो. तिथे एका वकीलसाहेबांची हेरॉल्ड एका दमात वळायची आणि पाठीमागची अँबेसेडर पुढे-मागे, पुढे-मागे करत रस्ता अडवून बसायची.

दुसरी करामत बॉनेटची. ते एकटं उघडत नसे. दोन्ही बाजूंचे खटके सोडले की मडगार्ड आणि दिव्यांसकट गाडीचं सगळं तोंड पुढे आडवं व्हायचं आणि इंजिन, चाकं, स्टिअरिंगच्या दांड्या सगळं उघडं पडायचं. मिस्त्री पुढच्या टायरवर मांडी ठोकून बसायचा. एका टायरवर मिस्त्री, दुसऱ्यावर त्याचा पोऱ्या, मधे इंजिनावर चहाची किटली, गरम राहायला. कामाला एवढं ऐसपैस इंजिन मी पुन्हा पाहिलं नाही. हल्ली बॉनेट उघडलं तर आत काळं प्लास्टिकचं झाकण असतं आणि मिस्त्री आपल्यासारखाच बाहेर उभा राहून बघतो.

पण सोयीचा खरा शोध लावला तो आमच्या कलबुर्गीच्या आत्याने. तिच्या मुलाने सोलापूरहून जुनी टाटा सिएरा आणली. 1991 साली निघालेली ही गाडी तिच्या काळाच्या फार पुढे होती: पॉवर विंडो, एसी, आणि मागच्या सीटला बाजूने अखंड काच, थेट छतापर्यंत वळत गेलेली. बाजूला दारं मात्र दोनच. मागे बसायचं तर पुढची सीट पाडून, तिच्यावरून. आत्या पहिल्याच दिवशी आत गेली, आणि मग तिला बाहेर काढायला पुढची सीट, तिचा मुलगा आणि मी असे तिघे कामाला लागलो. शिवाय ती मोठी काच उघडत नाही. कलबुर्गीचा मे महिना, पारा 43 च्या वर, एसीतला गॅस मागच्या मालकाकडेच राहिलेला. आत्या डोक्याला ओला पंचा गुंडाळून शहाबादपर्यंत गेली आणि उतरल्यावर म्हणाली, ‘एक गोष्ट चांगली आहे बाबा. आत माशी येत नाही.’

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तर सिएरा अंगणात उन्हाला तोंड करून उभी आणि मागच्या सीटवर, डिकीत, जुन्या धोतराच्या पानावर कुरडया वाळत घातलेल्या. कावळा येत नाही, शेळी येत नाही, शेजारची पोरं येत नाहीत, धूळ येत नाही, आणि ऊन मात्र तिन्ही बाजूंनी आणि वरूनही. दुपारपर्यंत कुरडया खडखडीत. त्या उन्हाळ्यात पापड, सांडगे, भरलेल्या मिरच्या असं सगळं वर्षाचं वाळवण सिएरात झालं. पुढे ती गाडी विकायला काढली तेव्हा आत्याने गिऱ्हाईकाला इंजिनाबद्दल अवाक्षर काढलं नाही. काच कुठल्या वेळी कुठल्या दिशेला ठेवायची तेवढं समजावून सांगितलं. गाडीला गुंटूर मिरचीचा वास इतका मुरला होता, की घेणारा शिंकत शिंकत घेऊन गेला.

मॅटाडोरचंही असंच. आकुर्डीची ती जुनी मॅटाडोर पुढच्या चाकांवर चालायची, हे तिच्यात आयुष्य घालवलेल्या ड्रायव्हरलासुद्धा माहीत नसे. मागे जाणारा दांडा नाही, म्हणून मागचा तळ जमिनीला जवळ. मूळ जर्मन रचनेत माल चढवायला सोय म्हणून ते केलेलं. भालकीच्या बाजारात ही सोय सगळ्यात आधी कळली ती शेळ्यांना. फळी लावायच्या आत त्या स्वतःहून चढून बसत.

आणि ऑल्विन निसान? बीदरहून तीसेक किलोमीटरवर झहीराबादला तिचा कारखाना होता. ऐंशीच्या दशकात जपानी लहान ट्रकांची एक लाटच आली: स्वराज माझदा, आयशर मित्सुबिशी, डीसीएम टोयोटा आणि ही आमची ऑल्विन निसान. त्या काळी हैदराबादच्या या ऑल्विनचा फ्रिज घरात, घड्याळ मनगटावर आणि ट्रक दारात असा बेत जुळवता येत होता. पुढे तो कारखाना महिंद्राकडे गेला आणि आता तिथे ट्रॅक्टर बनतात. ट्रक रस्त्यावरून गेले. एकाची केबिन मी भालकीच्या वाटेवर पानटपरी झालेली पाहिली. खिडकीतून पान मिळतं, हॉर्न बॅटरीवर अजून वाजतो, आणि तो फक्त उधारीवालं गिऱ्हाईक दिसलं की वाजतो.

इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्ण्यांची मीरा तर एवढीही नशीबवान नव्हती. 1949 साली या माणसाने स्वतःच्या हिमतीवर छोटी मोटार बनवली, पुढे कित्येक वर्षं सुधारत नेली, आणि ती कारखान्यातून कधी निघालीच नाही. निघाली असती तर कोल्हापूरपासून बीदरपर्यंत तिच्यात काय काय वाळलं असतं, याचा मी कधीकधी विचार करतो.

पुण्याच्या भाच्याने परवा नवी गाडी आणली. ती बोललेलं ऐकते. आत्याने तिला ‘जरा वारं येऊ दे ग बाई’ असं सांगितलं, तर तिने इंग्रजीत माफी मागून जवळचं हॉटेल दाखवलं. ती पट्ट्याच्या बाहेर गेली की ओरडते. आमच्या गावच्या वाटेवर पट्टा नाही, त्यामुळे ती घरापासून घरापर्यंत ओरडतच आली. छताला उघडणारी काच आहे, त्यातून नवरदेव वर निघतो. तेवढी एक सोय आमच्याकडे टिकेल.

तेव्हा वाचकांना एक विनंती. तुमच्या गोठ्यात, कडब्याच्या गंजीआड किंवा चुलत्याच्या वाटणीत अडकलेली एखादी ऑल्विन निसान, हेरॉल्ड किंवा बेंगळुरूचीच ती तीन चाकांची बादल पडून असेल, तर भंगारवाल्याला बोलावण्याआधी मला कळवा. तो किलोवर पैसे देईल, मी देणार नाही. पण कोंबड्या उठवून मी ती गाडी आतून बाहेरून बघेन, आणि तिच्यात कुरडया कुठल्या बाजूला घालायच्या ते फुकट सांगेन.