कुठं लावू, काका?

घर घेताना देव्हारा ईशान्येला आणि ओटा आग्नेयेला हवा म्हणून बिल्डरशी भांडणारे आपण, राउटरची जागा मात्र ड्रिल मशीन घेऊन आलेल्या पोराला ठरवू देतो. फायबर दारावरच्या भोकातून आत येते आणि चार फुटांवर थांबते. तिथं चपलांचं कपाट असतं. ‘कुठं लावू, काका?’ असं तो विचारतो खरा. तोवर त्याचे दोन स्क्रू पिळून झालेले असतात.

मग तो डब्याला मोबाइल जवळजवळ चिकटवून स्पीड दाखवतो. ९७! काका खूश. आतल्या खोलीत चिरंजीव त्यातल्या उरल्यासुरल्या पाचावर ऑफिसची मीटिंग करतात. ‘आवाज येतोय का?’ हेच त्यांचं दिवसभराचं काम. (१०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला १०० एमबीचा सिनेमा उतरतो, असंही काकांना वाटतं. उतरतात साडेबारा. प्लॅनमधला बी बिटचा, आणि आठ बिट मिळून एक बाइट.)

तारेतून येणारं नेट वेगळं, घरात पसरणारं वायफाय वेगळं. पैसे आपण पहिल्याचे भरतो. दुसरं भिंतींच्या मर्जीवर चालतं. ५ गिगाहर्ट्झवाला पट्टा पळतो झकास, पण काँक्रीटच्या दोन भिंती आडव्या आल्या की बसकण मारतो. २.४ वाला लांब जातो, पण तिथं वरच्या-खालच्या मजल्यांचे डबे, ब्लूटूथ आणि आपलाच मायक्रोवेव्ह अशी गर्दी. मध्ये लोखंडी कपाट असलं तर विषयच संपला. त्यात डबा दिसायला बरा नाही म्हणून आमच्याकडे तो आधी टीव्हीमागे लपवला, मग वर क्रोशाचा रुमाल टाकला. बिचारा आत तापत बसलेला.

पासवर्ड? घरमालकाचा मोबाइल नंबर. जो गणपतीच्या वर्गणीच्या पावतीवर, वॉचमनच्या वहीत आणि खालच्या नोटीस बोर्डावरही आहे. राउटरच्या सेटिंगमध्ये शिरायचं तर १९२.१६८.१.१, नाव अ‍ॅडमिन, पासवर्डही अ‍ॅडमिन. दाराला मात्र सेफ्टी डोअर, लॅच आणि वर कडी.

खरं तर भोक पाडण्याआधी एवढंच म्हणायचं होतं, ‘बाळा, तार पंधरा-वीस फूट जास्त सोड आणि डबा घराच्या मधोमध, डोक्याच्या उंचीवर लाव.’ तेव्हा आम्ही त्याला चहा विचारत होतो.

शेवटी कस्टमर केअरला फोन केला. पलीकडच्या गोड आवाजानं निदान केलं, ‘सर, तुमचा प्लॅन लहान पडतोय.’

गेल्या महिन्यापासून आमच्याकडे ३०० चा प्लॅन आहे. डबा चपलांच्या कपाटावर परत आलाय, रुमालासकट.