महाराजांचं खासगी

आमच्या इमारतीतल्या एका सद्गृहस्थांचं ठाम मत आहे, की कोणाच्या खासगी आयुष्यात डोकावू नये. हे मत ते मला वर्षानुवर्षं जिन्यात अडवून ऐकवतात, आणि जाता जाता तिसऱ्या मजल्यावरची मुलगी काल रात्री किती वाजता आली तेही सांगून ठेवतात. परवा कुठल्याशा बाबांची भानगड पेपरात आली, तेव्हा ते फार कळवळले. "अहो, ते त्यांचं खासगी! छापायचं कशाला?"

मला एकदम सुरतेचे जदुनाथजी महाराज आठवले.

करसनदास मुळजी या तरुणाने 'सत्यप्रकाश' या गुजराती पत्रात २१ ऑक्टोबर १८६० रोजी लिहिलं, की वल्लभ संप्रदायातले महाराज भक्तांच्या लेकीसुनांना नासवतात. नुसतं मोघम नव्हे, जदुनाथजींचं नाव घेऊन. (विधवाविवाहावर निबंध लिहायला घेतला म्हणून याच करसनदासला घरातून हाकललं होतं. तेव्हा मात्र ते कोणाला खासगी वाटलं नाही.) महाराज संतापले. शाप दिला असता तर काम फुकटात झालं असतं. पण ते गेले मुंबईच्या सुप्रीम कोर्टात, गोऱ्या न्यायाधीशांपुढे, आणि अब्रूचे पन्नास हजार रुपये मागितले. लेखकाबरोबर छापणारे नानाभाई रुस्तमजी राणीनाही प्रतिवादी झाले.

गंमत अशी, की त्याच्या थोडंच आधी मुंबईतल्या महाराजांनी भक्तांकडून लिहून घेतलं होतं : महाराजांना कोणी कोर्टात खेचणार नाही, त्यांच्याविरुद्ध कोणी लिहिणार नाही. सह्या होईपर्यंत मंदिराचे दरवाजे बंद. दर्शन झाल्याशिवाय घास न घेणारी माणसं किती वेळ तग धरणार? या कागदाला करसनदासांनी नाव ठेवलं 'गुलामीखत'.

या संप्रदायात भक्ताने गुरूला तन, मन आणि धन अर्पण करायचं. म्हणजे भक्ताचं तन खासगी नाही, मन खासगी नाही, तिजोरी तर नाहीच नाही. सगळ्या व्यवहारात खासगी म्हणून काही शिल्लक राहिलं असेल, तर ते महाराजांचं.

जातीच्या पुढाऱ्यांना हे नेमकं कळलं होतं. महाराजांच्या भक्त भाटिया मंडळींनी बैठक घेऊन ठरवलं, की महाराजांविरुद्ध कोणी साक्ष द्यायची नाही. त्याचा वेगळाच खटला झाला आणि नऊ जणांना दंड बसला. महाराजांचं खासगी राखायला अख्खी जात जाहीरपणे जमली होती.

१८६२च्या जानेवारीत मूळ खटला उभा राहिला. महाराजांनी पिंजऱ्यात आरोप नाकारले. साक्षीला आले डॉ. भाऊ दाजी लाड, पेडण्यातल्या मांद्र्याचे, आपले. त्यांनी सांगितलं, की महाराजांवर मी अमुक एका रोगाचे उपचार केले आहेत. आपण त्याला गुप्तरोग म्हणतो. त्या दिवसापासून त्यातलं 'गुप्त' गेलं.

इथे मात्र मीही थोडा चुळबुळतो. डॉक्टरने रोग्याचं दुखणं चारचौघांत सांगावं? चहाच्या टेबलावर सांगितलं असतं, तर मी भाऊ दाजींचं नाव टाकलं असतं. पण रोगी स्वतःच आपल्या निष्कलंकतेचे पन्नास हजार मागत फिर्यादी म्हणून उभा, आणि डॉक्टर शपथेवर. दार महाराजांनी उघडलं होतं, आणि आत काय दिसलं म्हणून रागावलेही तेच.

२२ एप्रिल १८६२ला निकाल लागला. महाराज हरले. खर्चापोटी करसनदासांना साडेअकरा हजार मिळाले. खिशातून मात्र त्याहून जास्त गेले होते. पुढच्या वर्षी ते विलायतेला गेले, म्हणून त्यांच्या जातीने त्यांना वाळीत टाकलं.

याच खटल्यावरचा 'महाराज' हा चित्रपट १४ जून २०२४ला यायचा होता. आदल्याच दिवशी गुजरात उच्च न्यायालयाने तो थांबवला; न पाहिलेल्या चित्रपटाने भावना दुखावणार होत्या. न्यायमूर्तींनी तो पाहिला आणि २१ जूनला स्थगिती उठवली. एकशे बासष्ट वर्षांनीही प्रकरण खासगीच होतं.

हे सगळं मी जिन्यात उभ्या उभ्या सद्गृहस्थांना सांगितलं. रोगाचं नाव तेवढं गाळलं. ते बराच वेळ गप्प होते. मग वर-खाली कोणी नाही असं पाहून माझ्या कानाशी आले.

"पण नक्की झालं काय होतं हो महाराजांना?"